वजा बारा

“अहो, ती सिस्टर मला सगळं सांगते हो! मी विचारलेलं नसतं, तेसुद्धा सांगते!”

कुरकुर आली ती धुतलेल्या चादरींच्या ढिगापलीकडून. लिफ्टमध्ये मधोमध कपड्यांची ट्रॉली, ट्रॉलीवर डोक्याएवढ्या उंचीच्या चादरी, त्यांच्या पलीकडे दाराशी दोन पुरुष, आणि अलीकडे आरशाला पाठ टेकून सिस्टर आणि ट्रॉलीवाली मावशी. पुरुष तळमजल्यावर पाठमोरेच आत शिरले होते. चादरींच्या मागे कोणी माणूस असू शकतं, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. सिस्टरने आवाज ओळखला. न ओळखायला काय झालं! गेले दोन महिने दर मंगळवारी ती याच आवाजासमोर बसत होती. दवाखान्याचे वकीलसाहेब.

“मग ऐकू नका,” दुसरा आवाज म्हणाला. हा आवाज कोरडा आणि कडक इस्त्रीचा. हे डॉक्टरांचे वकील. डॉक्टरांनी स्वतःसाठी वेगळे आणलेले, उंच, सदा घाईत असलेले.

“ऐकू नका काय! समोर बसून माणूस बोलतंय आणि मी कानांवर हात ठेवू? काल फोनवर म्हणाली, एक महत्त्वाची गोष्ट राहिलीय, उद्या सांगते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा.”

“तिला कोणी वकील नाही का?”

“तिला वाटतं, आहे.”

“कोण?”

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं, कोणी आलं नाही, दार मिटलं. वकीलसाहेबांनी या पायावरचा भार त्या पायावर घेतला, आणि त्यांचा डावा गुडघा ‘कट्’ असा वाजला. तो आवाज सिस्टरला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. तिसऱ्यावर दोघे उतरले. तिलाही तिथेच उतरायचं होतं, पण ती आरशाला टेकूनच राहिली. दार मिटल्यावर मावशी म्हणाली, “तुम्हाला तिसऱ्यावर जायचं होतं ना?” ती म्हणाली, “जाते, वरून चक्कर मारून.” मावशीने चादरींच्या कडा उगाच सारख्या केल्या. “या चादरींचं बरं असतं बघा. मेल्यांना कान नसतात,” म्हणाली, आणि चौथ्यावर ट्रॉली ढकलत निघून गेली. जाताना एकदा वळून बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग सिस्टर एकटीच वर वर गेली. भीती वाटायला हवी होती, पण पहिल्यांदा तिला आठवला तो इलेक्ट्रिशियन. खूप वर्षांपूर्वी वॉर्डातली ट्यूबलाईट बदलायला एक इलेक्ट्रिशियन आला होता, पांढरा शर्ट, हातात काळी बॅग. कोपऱ्यातल्या कॉटवरच्या आजोबांनी डॉक्टर समजून त्याला बसवून घेतलं आणि आपल्या बद्धकोष्ठाची कहाणी पहिल्यापासून सांगितली. रंग, वास, वेळ, काहीही न वगळता. त्या भल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, ट्यूब लावली, आणि जाताना म्हणाला, “पाणी भरपूर प्या, बाबा.” ही गोष्ट सिस्टरने वीस वर्षं सांगितली होती. प्रत्येक नव्या नर्सला, प्रत्येक निरोपसमारंभात, आणि मागच्याच महिन्यात वकीलसाहेबांना. ते इतके हसले होते की त्यांना चष्मा काढावा लागला. आता लिफ्टच्या आरशात आपल्याकडे बघताना तिला वाटलं, बाई, ते आजोबा म्हणजे तूच की गं. आणि तिला हसूच आलं. एकटीनेच, तोंडावर हात ठेवून, सहाव्या मजल्यापर्यंत. फरक एवढाच, की त्या इलेक्ट्रिशियनने काही लिहून घेतलं नव्हतं.

वकीलसाहेब मात्र लिहून घेत होते. गोल अक्षरात, निळ्या शाईच्या पेनाने, लांब पिवळ्या वहीत. दोन महिन्यांपूर्वी मेट्रनबाईंनी तिला बोलावून सांगितलं होतं, “आपले वकील येणार आहेत. घाबरायचं काही कारण नाही, सगळं मोकळेपणाने सांगा.” आणि ती मोकळी झाली होती. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकण्यात गेलेल्या बाईला कोणी समोर बसवून, पेपरमिंटची डबी पुढे सरकवून, ‘हं, मग?’ असं विचारलं तर ती मोकळी होणार नाही तर काय करणार! पहिल्या मंगळवारी तिने त्या दिवसाबद्दल सांगितलं. दुसऱ्या मंगळवारी त्याच्या आदल्या दिवसाबद्दल. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी टेबलाखाली पाय लांब केला आणि ते कण्हले, तेव्हा तिने त्यांची पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली, कोणीतरी लावून दिलेली दुखण्याची जुनी पट्टी बघितली आणि विचारलं, “ही काढायला हवी. हळू की झटकन?” हा तिचा नेहमीचा प्रश्न. चिकटपट्टी काढताना ती प्रत्येकाला विचारायची, लहान मुलालाही आणि न्यायाधीशालाही. वकीलसाहेब म्हणाले, “हळू.” तिने झटकन काढली. ते असे ओरडले, की बाहेरून शिपाई धावत आला. मग दोघेही हसले. तेव्हापासून ती त्यांना दर मंगळवारी गुडघ्याचा एक नवा व्यायाम दाखवायची आणि ते टेबलाखाली पाय वर-खाली करत तिचं म्हणणं लिहून घ्यायचे. एवढी माया लावल्यावर हा माणूस आपला नाही असं मनात तरी कसं यावं! आणि त्या सगळ्या हसण्याखिदळण्यात ते एक प्रश्न फिरून फिरून विचारायचे, अगदी सहज, पेनाचं टोपण चावत: “सिस्टर, ती नोंद तुम्ही नंतर केली असेल, असं होऊ शकतं का?” तिला वाटायचं, बिचारे विसरतात. म्हणून ती दर वेळी तितक्याच प्रेमाने सांगायची, “नाही हो साहेब, तेव्हाच केली.” ते विसरत नव्हते. लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली.

ती जिन्याने उतरू लागली. जिन्यात दुपारच्या जेवणाच्या गाड्या ठेवलेल्या, खिडकीतून ऊन येत होतं, आणि पायरीपायरीला सगळं तिच्यासमोर नव्याने मांडलं जात होतं. गोष्ट साधी होती. एक शिंपीमास्तर पोटाच्या दुखण्याने दाखल झाले होते. उजव्या हाताला सलाईन. दुपारी सुई शिरेतून निसटली आणि सलाईन कातडीखाली साठत गेलं. सिस्टर पलीकडच्या कॉटवर दुसऱ्या एका रुग्णाला सावरत होती. ते आटोपून ती मास्तरांकडे आली तेव्हा हात कोपरापर्यंत सुजलेला. तिने सलाईन बंद केलं, हात उंच ठेवला, डॉक्टरांना फोन केला. तेव्हा वेळ होती तीन चाळीस. डॉक्टर तीन पन्नासला आले. दहा मिनिटं म्हणजे धावतच आले म्हणायचे. पण कागदावर काय होतं? डॉक्टरांनी आपल्या मोबाईलकडे बघून लिहिलं होतं: तीन पन्नास, रुग्णाला तपासले. आणि सिस्टरने लिहिलं होतं: तीन बावन्न, डॉक्टरांना कळवले. म्हणजे कागदावर डॉक्टर बोलावण्याच्या आधीच दोन मिनिटं येऊन पोचले होते! मास्तरांची बोटं पाच महिने आखडलेली राहिली, सुई धरता येईना, त्यांनी तक्रार केली. तक्रार होती हाताची. पण त्यांच्या वकिलाने कागद बघितले, ती दोन मिनिटं बघितली, आणि म्हणाला, इथे कोणीतरी मागाहून काहीतरी रचलंय. आता ‘कोणीतरी’ हे कपडे कोणाच्या अंगावर बसतात, एवढंच बघायचं होतं. डॉक्टरांनी आपल्या मापाचे नाहीत हे दाखवायला आपला वकील आणला होता. दवाखान्याने दवाखान्याचा आणला होता. आणि ते कपडे ज्या बाईला अगदी नेमके बसत होते, ती बाई दर मंगळवारी पेपरमिंट चघळत, स्वतःच माप देत होती. नोंदणी गेली तर नर्स म्हणून पुन्हा कुठेही उभं राहता येणार नव्हतं. सव्वीस वर्षांवर एकच शब्द लिहिला जाणार होता, आणि तो शब्द ‘खोटी’ असा होता.

आणि खरं काय होतं? खरं इतकं साधं होतं की ते सांगायची तिला लाज वाटत होती. वॉर्डातलं घड्याळ बारा मिनिटं पुढे होतं. बिघडलेलं नव्हतं, मुद्दाम ठेवलेलं होतं. तिच्या आधीच्या मोठ्या सिस्टरनी, ज्यांच्या हाताखाली ती शिकली, ते पुढे केलं होतं. “दहा मिनिटं बस चुकण्याची आणि दोन श्वास घेण्याची,” असं त्या म्हणायच्या. घड्याळ पुढे, म्हणून सगळ्या ड्युटीवर वेळेत. घड्याळ पुढे, म्हणून भेटायला आलेले नातेवाईक वेळेत बाहेर. हात सारखे धुवायचे, त्यामुळे मनगटावर घड्याळ बांधायला मनाई. सगळ्यांची वेळ भिंतीवरचीच. नव्या नर्सला पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगितल्या जायच्या: हातमोजे कुठे आहेत, मेट्रनबाईंना चहा बिनसाखरेचा लागतो, आणि ‘वजा बारा’. बघायचं भिंतीवर, लिहायचं बारा कमी करून. एकदा दुरुस्ती खात्याच्या माणसाने घड्याळ बरोबर लावलं, तर संध्याकाळपर्यंत ते पुन्हा बारा मिनिटं पुढे. कोणी केलं ते कोणी विचारलं नाही, आणि ज्यांनी केलं त्या आज मेट्रन होत्या. डॉक्टरांना मात्र हे कोणी कधी सांगायचं नाही. सांगितलं असतं तर ते बारा मिनिटं उशिरा यायला लागले असते.

सव्वीस वर्षांत किती वेळा तिने बारा वजा केले असतील! झोपेत, तापात, सासूबाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर आली तेव्हाही. एकदाही चुकली नाही. घरच्या घड्याळातूनही तिचं मन आधी बारा काढायचं आणि मग परत घालायचं. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती एकदा बारा काढायच्या जागीही घालून चोवीस मिनिटं आधी जाऊन बसली होती, रिकाम्या खुर्च्यांसमोर, एकटी टाळ्या वाजवायच्या तयारीत. आणि त्या दुपारी मात्र ती चुकली. का, तर हसली म्हणून. मास्तरांचा हात फुगलेला, ती फोन ठेवून एप्रनवरच्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर वेळ टिपतेय, आणि मास्तर आपल्या हाताकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाले, “सिस्टर, बाहीचं माप चुकलं वाटतं. खांद्यात ठीक आहे, पण मनगटात आवळतंय.” त्या वेदनेतसुद्धा! तिला असं हसू फुटलं की पट्टीवरचे आकडे तिने तसेच कागदावर उतरवले. तीन बावन्न. बारा तिच्या हसण्याबरोबर कुठेतरी उडून गेले.

हेच तिला आज सांगायचं होतं. हीच ती महत्त्वाची गोष्ट. इतके दिवस सांगितली नव्हती, कारण ती एकटीची गोष्ट नव्हती. ती मोठ्या सिस्टरांची होती, वॉर्डाची होती, मेट्रनबाईंची होती. पण काल फोन केला तेव्हा मनाशी म्हणाली होती, आपल्या वकिलापासून काय लपवायचं. जिन्याच्या चौथ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. समजा तिने आज हे वकीलसाहेबांना सांगितलं. ते ज्यांचे वकील, त्यांना ते सांगणार. सांगायलाच हवं, ते त्यांचं काम. आणि मग पुढे ठेवलेलं घड्याळ ही दवाखान्याची चूक की एका नर्सची चूक, याचा विचार दवाखाना दवाखान्याच्या खोलीत बसून करणार. संध्याकाळपर्यंत घड्याळ बरोबर लागेल. या वेळी ते पुन्हा पुढे जाणार नाही. आणि मग भिंतीकडे बोट दाखवून ‘ते बघा’ म्हणायला भिंतीवर काही उरणार नाही. यात कोणी दुष्ट असण्याची गरजसुद्धा नव्हती. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं की झालं.

नवऱ्याला हे कळलं होतं. आता लक्षात येतंय. त्याचं चष्म्याचं दुकान. घरी त्याची एक खोड, काही बोलायचं असलं की आधी चष्मा काढून पुसायला घ्यायचा, आणि काच स्वच्छ होईपर्यंत बोलणंही पुसलं जायचं. पहिल्या मंगळवारी तिने घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं, “इतका साधा माणूस आहे हो वकील!”

“कोणाचा वकील?” त्याने विचारलं.

“दवाखान्याचा. म्हणजे आपलाच की.”

“हं. आणि तू कोणाची?”

“मी पण दवाखान्याचीच ना! सव्वीस वर्षं झाली.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला, आणि चष्मा पुसत बसला. इतका वेळ, की ती म्हणाली होती, “अहो, भोक पडेल काचेला.” बोलायचं होतं रे माझ्या राजा, तिला वाटलं. एकदा तरी न पुसता बोलायचं होतं. पण तिच्या आनंदावर पाणी टाकणं त्याला कधी जमलंच नाही. तीस वर्षांत तिच्या बिघडलेल्या स्वयंपाकालाही त्याने ‘वेगळं झालंय’ एवढंच म्हटलेलं.

ती तिसऱ्यावर न थांबता दुसऱ्यावर उतरली, नर्सच्या कपडे बदलायच्या खोलीत. सूचनाफलकावर ‘छत्री हरवली आहे, काळी, मूठ तुटकी’ या चिठ्ठीच्या खाली एक कार्ड टाचलेलं होतं. संघटनेच्या वकीलबाईंचं. त्या एकदा येऊन व्याख्यान देऊन गेल्या होत्या. रात्रपाळीच्या पोरी मागे डुलक्या घेत होत्या, आणि सिस्टर पहिल्या रांगेत बसून दोन बिस्किटं घेऊन मन लावून ऐकत होती. वकीलबाई म्हणाल्या होत्या, “दवाखान्याचा वकील वाईट माणूस नसतो. तो दवाखान्याचा असतो, एवढंच. खोलीत तुम्ही दोघंच असलात, तरी तो तुमच्या बाजूला बसलेला नसतो.” तिने टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवलेल्या गोष्टी माणूस किती लवकर विसरतो! तिने टाचणी काढली, कार्ड घेतलं, नंबर लावला. “व्यस्त आहे,” असं यंत्र म्हणालं. पुन्हा लावला. व्यस्त. अकराला पाच कमी होते, आणि अकराला तिसऱ्यावरच्या जुन्या कागदांच्या खोलीत बोलावलं होतं. इथलं घड्याळ बरोबर होतं, तरी तिने सवयीने बारा वजा केले आणि क्षणभर तिला वाटलं, अजून वेळ आहे.

कार्ड एप्रनच्या खिशात टाकलं. खिशाच्या कोपऱ्याला दोन नवे टाके होते. ते तिने तक्रारीच्या मागच्या सुनावणीनंतर घातले होते. त्या दिवशी तिथल्या पॅसेजमध्ये शिंपीमास्तर समोरून आले. सगळ्यांनी तिला बजावलं होतं, त्यांच्याशी बोलायचं नाही, ‘सॉरी’ तर मुळीच म्हणायचं नाही, सध्या तो शब्दच नको. म्हणून ती भिंतीकडे बघत उभी राहिली. मास्तर जवळ आले, तिच्या तोंडाकडे न बघता खिशाकडे बघून म्हणाले, “सिस्टर, दोन टाके घाला तिथे, नाहीतर अख्खा खिसा जाईल.” आणि पुढे गेले. त्यांच्या वकिलाने डोळे वटारले, तिच्या वकिलाने डोळे वटारले. म्हणजे ज्याला ती आपला समजत होती त्याने. ‘वीस मिनिटं आधी आले असते तर’ हा विचार तिला तेव्हाही पोखरत होता आणि आजही. तिला मास्तरांना एवढंच सांगायचं होतं की टाके घातले, आणि माझं चुकलं ते एवढं, आणि चुकलं नाही ते एवढं. मापात. एवढं कळायला शिंप्यापेक्षा दुसरं कोण हवं!

तिने ठरवलं, आत जायचं. न जाता येण्यासारखं होतं. पोट दुखतंय म्हणता आलं असतं, नर्सच्या पोटदुखीवर कोणी शंका घेत नाही. पण मोठ्या सिस्टरांनी इंजेक्शन द्यायला शिकवताना एक सांगितलं होतं: सुई टोचली की लगेच औषध ढकलायचं नाही, आधी दट्ट्या जरासा मागे ओढून बघायचा, की सुई नक्की कुठे आहे. तसं तिला बघायचं होतं. गोष्टीला सुरुवात करायची आणि बारा म्हणायच्या आधी थांबायचं. तेवढ्यात तो माणूस काय करतो ते बघायचं. त्याने ऐकून घेतलं, पेन पुढे केलं, तर दोन महिन्यांचं हसणं, पेपरमिंट, गुडघा, सगळं फक्त कामाचं होतं. मग ती उठून बाहेर येईल, आणि कार्डावरचा नंबर लागेपर्यंत लावत बसेल. हे धोक्याचं होतं. बोलायला लागली की तिचं तिलाच थांबता येत नाही, हे सगळा वॉर्ड जाणून होता. पण न बघता निघून जाणं तिला जमणारं नव्हतं. ज्याच्या गुडघ्याला आपण हात लावला, त्या माणसाबद्दल कायमचं वाईट मत करून घ्यायच्या आधी एकदा दट्ट्या मागे ओढायला हवा.

तिसऱ्या मजल्यावर जुन्या कागदांच्या खोलीबाहेर बाकावर डॉक्टर बसले होते, त्यांच्या उंच वकिलाच्या शेजारी. तिला बघताच डॉक्टर अर्धे उठले. पोरगेलासा माणूस, वॉर्डात तिला ‘ताई’ म्हणायचा आणि अवघड शीर सापडली नाही की हळूच तिच्याकडे सुई सरकवायचा. “ताई, तुम्ही...” म्हणाला. वकिलाने त्याच्या बाहीला हात लावला. “...चहा घेतलात?” त्याने वाक्य पुरं केलं. ती म्हणाली, “घेतला हो, राजा.” अख्ख्या इमारतीला माहीत होतं, आणि अख्खी इमारत तिला चहा विचारत होती!

आत कपाटं भिंतीभर, मधे टेबल, टेबलावर पिवळी वही. मेट्रनबाई खिडकीशी बसलेल्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. वकीलसाहेब नेहमीसारखे उठून उभे राहिले, नेहमीसारखा गुडघा वाजला. डबी पुढे आली. तिने एक पेपरमिंट घेतलं, पण तोंडात टाकलं नाही, मुठीत ठेवलं.

“व्यायाम केलात?” तिने विचारलं.

“सकाळी दहा वेळा. तुम्ही पंधरा सांगितले होते, हे कबूल करतो.”

“कबूल केलंत म्हणून पाच माफ.”

ते हसले, पण डोळ्यांखाली रात्रीचं जागरण होतं. त्यांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. हवेबद्दल बोलले. मग जुन्या कागदांच्या वासाबद्दल बोलले. काल फोनवर काय म्हणालात, हे मात्र विचारेनात. प्रश्नाच्या भोवती असे फिरत होते, जसा रोगी दुखऱ्या जागेभोवती हात फिरवतो आणि म्हणतो, इथे नाही, इथेही नाही. तिला त्यांची दया आली. शेवटी तीच म्हणाली, “साहेब, ते राहिलेलं सांगते.”

“हं,” ते म्हणाले. पेन उचललं.

“आमच्या वॉर्डात एक घड्याळ आहे.”

मेट्रनबाईंच्या हातातला जुडगा खाली पडला. त्या तो उचलायला वाकल्या आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेल्याच राहिल्या.

“भिंतीवर, औषधांच्या कपाटाच्या वर,” ती सावकाश म्हणाली. “जुनं आहे. माझ्या आधीपासूनचं. आम्ही सगळ्या त्यातच बघतो.” वकीलसाहेब लिहीत होते. गोल अक्षरं, निळी शाई. ‘घड्याळ’ लिहिलं, ‘कपाटाच्या वर’ लिहिलं. पेनाची खरखर तिला कातडीवर ऐकू येत होती. “तर त्या घड्याळाचं असं आहे...” आणि इथे ती थांबणार होती. इथेच थांबायचं ठरलं होतं. पण सव्वीस वर्षांची सवय, समोर कान दिसला की तोंड आपोआप पुढे धावतं, आणि मोठ्या सिस्टरांचा चेहरा, दहा बसची, दोन श्वासाची, सगळं ओठांशी आलं, गोड, हसरं, सांगावंसं वाटणारं. “त्याचं असं आहे ना साहेब, की ते नेहमी...”

खरखर थांबली.

तिने वर बघितलं. वकीलसाहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता, आणि ते त्या ठिपक्याकडे बघत होते. हुंगल्याशिवाय वकिली जमत नाही. काहीतरी मोठं येतंय हे त्यांना कळलं होतं. एक शब्द, फार तर दोन. नुसतं ‘हं’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ‘हं, मग?’ हे तर दोन महिने म्हणतच होते. टेबलाखाली त्यांचा पाय वर गेला, खाली आला, वर गेला. मेट्रनबाई अजून वाकलेल्याच होत्या. बाहेर पॅसेजमधून ट्रॉलीची चाकं कुरकुरत गेली. सिस्टरने मुठीतलं पेपरमिंट इतकं घट्ट धरलं होतं की ते विरघळायला लागलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते खिशाला लावलं. पिवळ्या वहीतलं ते पान फाडलं, चार घड्या घातल्या, आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. मग तोंड उघडलं आणि मिटलं, अगदी त्या मावशीसारखं.

हा चेहरा तिच्या चांगला ओळखीचा होता. कॉटच्या कडेला बसून, हातावरच्या पट्टीकडे बघत, आता दुखणार हे ठाऊक असलेल्या माणसाचा. आणि तिच्या छातीवरून काहीतरी जड, बारा मिनिटांच्या वजनाचं, आपोआप उतरलं. तिला हसू यायला लागलं. तिने पान उचललं, खिशात घातलं, दोन टाक्यांच्या आत, कार्डाला चिकटून.

“काढून टाका साहेब,” ती मऊ आवाजात म्हणाली. “हळू की झटकन?”

त्यांनी तिच्याकडे बघितलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा पेनाशिवाय.

“झटकन,” वकीलसाहेब म्हणाले. “सिस्टर, मी तुमचा वकील नाही.”